नवख्या साहसांची टीका

संस्कृत शिकविण्यांत ज्याची हयात गेली अशा मनुष्यास ‘टीका’ हा शब्द आज ज्या अर्थानें सर्रास वापरला जातो तो ऐकून थोडें चमत्कारिक वाटतें. मल्लिनाथानें कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिल्या, त्या कालिदासाचीं उणीं काढण्यासाठीं नव्हेत. वाचणाऱ्याचा पाय जेथें अडखळण्याचा संभव, तेथें दिवा धरण्यासाठीं होत. मुळांत नाहीं तें आपण लिहिणार नाहीं आणि ज्याची गरज नाहीं तें बोलणार नाहीं, अशी त्याची आरंभींच प्रतिज्ञा आहे. पुढें मराठींत या शब्दाचें नशीब फिरलें आणि टीका म्हणजे निंदा असें समीकरण होऊन बसलें. सेवानिवृत्त झाल्यावर या जुन्या अर्थाची आम्हांस पुन्हां आठवण झाली, आणि तीहि अशा एका उद्योगामुळें, कीं ज्याचें नांव काढतांच आमचे समवयस्क स्नेही हंसूं लागतात. आम्ही सध्यां घरांतल्या मुलांबरोबर बसून साहसें तपासतों.

हीं साहसें कोणतीं, तें आधीं सांगितलें पाहिजे. नाहींतर ज्या घरांत हा खेळ अजून शिरलेला नाहीं तेथील वाचकांस आमचें बोलणें कोड्यासारखें वाटेल. अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा एक खेळ प्रसिद्ध केला. चिमुकल्या शिपायांच्या पलटणी टेबलावर मांडून लढाया खेळण्याचा नाद तिकडे त्यापूर्वींपासून होता; या दोघांनीं पलटणीऐवजीं प्रत्येक खेळाडूच्या हवालीं एकेकच पात्र केलें. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. चार-पांच जण टेबलाभोंवतीं बसावे, एकानें सूत्रधार व्हावें, त्यानें प्रसंग सांगावा, इतरांनीं ‘माझें पात्र आतां अमुक करतें’ असें म्हणावें, आणि जें घडेल कीं नाहीं याची शंका असेल त्याचा निवाडा फाशानें व्हावा, असा हा खेळ. फांसा बहुधा वीस पैलूंचा असतो. पट लागतोच असें नाहीं, आणि कोणी कोणास जिंकीत नाहीं. चौसर खेळलेल्या आमच्या पिढीस हा शेवटचा भाग पचावयास थोडे दिवस लागतात.

सूत्रधारास प्रत्येक वेळीं सर्व कांहीं स्वतः रचणें शक्य नसतें. म्हणून दुसऱ्यांनीं रचून ठेवलेल्या पुस्तिका असतात. त्यांस इंग्रजींत अॅडव्हेंचर म्हणतात. अमुक एक पडका वाडा आहे, त्यांत सहा खोल्या आहेत, पहिलींत हें, दुसरींत तें, अशा थाटाची ही पुस्तिका. ती कथा नव्हे आणि नाटकहि नव्हे. आमच्या मतें तिचें खरें साम्य कीर्तनकाराच्या टिपणाशीं आहे. बुवांच्या वहींत चार ओळी, दोन पदांचे आरंभ आणि एका दृष्टान्ताचें नुसतें नांव असतें. ती वही आपण घरीं आणून वाचली तर त्यांत राम दिसत नाहीं. पण बुवा उभे राहिले कीं त्या चार ओळींवर दोन तास निघतात. तेव्हां साहसाची परीक्षा नुसती वाचून करणें म्हणजे वही चाळून कीर्तनास नांवें ठेवण्यापैकींच होय.

आतां ‘जॅम’. हा शब्द मूळचा जॅझ वाजविणाऱ्यांचा. पूर्वतयारीवांचून चौघांनीं जमून वाजवीत बसावें त्यास ते जॅम म्हणत. २००२ सालीं कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें संगणकावरचे खेळ रचणारी कांहीं मंडळी अशीच जमली व त्या मेळाव्यास त्यांनीं ‘इंडी गेम जॅम’ म्हटलें. पुढें ही रीत टेबलावरच्या खेळांतहि रूढ झाली. एक विषय द्यावयाचा, मुदत दोन दिवसांची किंवा फार तर महिन्याभराची, पानांची मर्यादा ठरलेली, आणि त्यांत हौशी मंडळींनीं आपापलें साहस रचून सादर करावयाचें. २००९ सालीं तर ‘वन पेज डंजन’ नांवाची स्पर्धा सुरू झाली. सारें भुयार नकाशासकट एका पानावर! समस्यापूर्ति ज्यांनीं केली आहे त्यांस यांतील मौज वेगळी सांगावयास नको. बंधन जितकें आवळावें तितकी बुद्धि नवी वाट काढते.

परंतु या व्यवहारांत एक मोठी उणीव आहे. रचणारे पुष्कळ, वाचणारे थोडे, आणि वाचून कांहीं उपयोगाचें सांगणारे तर अगदींच विरळा. बहुतेक साहसांस एकहि अभिप्राय मिळत नाहीं. ज्यांस मिळतो त्यांस ‘फार छान’ असा, नाहींतर ‘कंटाळवाणें’ असा. आमच्या शाळेंत एक शिक्षक प्रत्येक निबंधाखालीं तांबड्या शाईनें ‘ठीक’ एवढेंच लिहीत. विद्यार्थी म्हणत, मास्तरांनीं आमचें लेखन पाहिलें, वाचलें नाहीं. ‘फार छान’ आणि ‘कंटाळवाणें’ हीं त्या ‘ठीक’चींच भावंडें होत.

आमच्या धाकट्या बंधूंची नात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत आहे. तिनें आपलें पहिलें साहस एका जॅमसाठीं रचलें. एका जुन्या बारवेच्या पोटांत सात दालनें, असें कांहींसें तें होतें. तिला अभिप्राय आला तो एकच, आणि तोहि एका शब्दाचा. वर दिलेल्या दोहोंपैकीं तो कोणता हें वाचकांनीं ओळखलेंच असेल. त्यानंतर चार महिने पोरीनें एक ओळ लिहिली नाहीं. आई म्हणाली, बरें झालें, अभ्यासाकडे लक्ष लागेल; पण अभ्यासाकडेहि कांहीं लागलें नाहीं. पुढच्या जॅमला तिनें साहस दिलें नाहीं. मित्रमंडळाच्या आग्रहास्तव दुसऱ्यांचीं साहसें वाचून अभिप्राय देण्याचें मात्र पत्करलें. त्या निमित्तानें एके दिवशीं ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “भाऊआजोबा, तुम्ही छत्तीस वर्षें वह्या तपासल्या, मला एवढें तपासून द्या.”

तिनें पुढें केलेलें साहस दक्षिण अमेरिकेंतील एका गृहस्थाचें होतें. इंग्रजी ही त्याची मातृभाषा नव्हे, हें दुसऱ्याच वाक्यावरून दिसत होतें. पुरांत अर्धा बुडालेला एक वाडा, त्यांत सहा खोल्या, तळघरांत कुटुंबाचे जुने दस्तऐवज आणि ते बाहेर काढण्याचें काम, एवढाच विषय. चौथी खोली स्वयंपाकघराची. तेथें एका म्हाताऱ्या स्वयंपाकिणीचें भूत पातेलें ढवळीत उभें असतें. तें कोणास मारीत नाहीं. येणाऱ्यास इतकेंच विचारतें, ‘तुझी आई काय रांधीत असे?’ ज्यानें खरें उत्तर दिलें त्यास वाट मिळते.

मुलीनें या साहसावर सतरा शेरे लिहून आणले होते. त्यांतले नऊ व्याकरणाचे होते. एक असा होता कीं भुताशीं लढतां यावें; आणि एक असा कीं चौथी खोली निरुपयोगी आहे, तींत ना धन ना युद्ध, सबब ती गाळावी.

आम्हीं तिला प्रथम चार प्रश्न विचारले. आमच्या शास्त्रग्रंथांची पद्धत अशी कीं ग्रंथारंभीं चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत: विषय कोणता, प्रयोजन काय, अधिकारी कोण, आणि या सर्वांचा परस्परांशीं संबंध काय. याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. आम्हीं हें विद्यार्थ्यांस घोकावयास लावीत असूं, पण दक्षिण अमेरिकेंतल्या भुताला लागू करण्याची वेळ येईल असें स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. गंमत अशी कीं तें तंतोतंत लागू पडलें. या साहसाचा अधिकारी कोण? टेबलाशीं बसून, एक डोळा कागदावर व एक खेळाडूंवर ठेवून बोलणारा सूत्रधार. मग व्याकरणाच्या नऊ चुकांपैकीं त्याला अडविणाऱ्या किती? एक, तेथें ‘वर’ आणि ‘खालीं’ यांचा घोटाळा झाला होता व जिना कोणीकडे जातो तें कळत नव्हतें. ती सांगावयाची, बाकीच्या आठ सोडावयाच्या. परक्या भाषेंत लिहिण्याचें धाडस केलेल्या मनुष्यास विभक्तिप्रत्ययांचा हिशेब दाखविण्यांत कोणता पुरुषार्थ आहे? आमचेंहि इंग्रजी मॅट्रिकपुरतेंच.

प्रयोजनाचें महत्त्व तर याहून मोठें. गायगॅक्स यांचें ‘टूम ऑफ हॉरर्स’ हें साहस १९७५ सालीं ‘ओरिजिन्स’ या मेळाव्यांतील स्पर्धेसाठीं वापरलें गेलें व १९७८ सालीं छापून निघालें. त्यांत पावलोपावलीं मरण आहे. आज एखाद्या नवख्या कंपूनें तें उघडलें तर, रचणाऱ्यानें आमच्याशीं वैर धरलें आहे, असेंच त्यास वाटेल. पण तें मुरलेल्या खेळाडूंची कसोटी पाहण्यासाठींच रचलेलें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे निष्ठुरपणाचा आक्षेप गळून पडतो आणि विचारावयाचा तो खरा प्रश्न शिल्लक राहतो: कसोटी म्हणून तें न्याय्य आहे काय? याच न्यायानें, जेथें रचणाऱ्यास गहिंवर आणावयाचा आहे तेथें ‘लढाई घाला’ असें सांगणें ही टीका नव्हे. तें दुसऱ्याच्या पंगतींत आपलें जेवण वाढणें झालें.

नातीस हें पटलें नाहीं. ती म्हणाली, “प्रयोजन कांहींहि असो, खोली रिकामीच आहे.” वादांत वेळ घालविण्यापेक्षां खेळूनच पाहूं, असें आम्हीं सुचविलें. येथें भरतमुनीची साक्ष काढण्याचा मोह आवरत नाहीं. नाट्यशास्त्रांत प्रयोगाची सिद्धि ठरविणाऱ्या परीक्षकांस प्राश्निक म्हटलें आहे, आणि यज्ञाचा प्रसंग असेल तेथें यज्ञ जाणणारा, नृत्य असेल तेथें नर्तक, छंदाचा प्रश्न असेल तेथें छंद जाणणारा, अशी त्यांची वांटणी केलेली आहे. परीक्षा प्रयोगाची, आणि ती त्या त्या विषयांतल्या माणसानें करावयाची. घरीं बसून पोथी चाळणाऱ्यास त्या यादींत जागा नाहीं.

शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर माडीवर सतरंजी पडली. नात सूत्रधार झाली. आमचा पुतण्या, त्याचा धाकटा मुलगा, नातीची एक मैत्रीण आणि आम्ही असे चौघे खेळाडू. पांचवें पात्र चोराचें होतें. तें घेण्यास कोणी तयार होईना, तेव्हां पानाचा डबा घेऊन सहज वर आलेल्या आमच्या सौभाग्यवतींच्या गळ्यांत तें पडलें. “या वयांत चोऱ्या करावयास लावतां होय!” असें म्हणून त्या बसल्या आणि पहिल्याच खोलींत त्यांनीं चांदीचे दोन चमचे कंबरेस लावले.

वाचतांना न दिसलेले दोष अर्ध्या तासांत दिसूं लागले. दुसऱ्या खोलीचें वर्णन मोठ्यानें वाचून दाखवावयाचें होतें. त्यांत आधीं छत, मग तसबिरी, मग ओलीचा वास, आणि अगदीं अखेरच्या ओळींत, पाण्यांत पडलेली एक मगर! वाचन संपेपर्यंत पुतण्याचा मुलगा तसबिरी काढावयास पाण्यांत उतरलासुद्धां होता. खोलींत शिरणाऱ्याच्या डोळ्यांस जें प्रथम दिसेल तें वर्णनांत प्रथम यावें, ही साधी गोष्ट. पण कागदावर ती खटकत नाहीं, टेबलाशीं लगेच खटकते. त्याहून मोठी अडचण किल्लीची. तळघराची किल्ली तिसऱ्या खोलींतल्या घड्याळांत लपविलेली होती आणि ती सांपडणें सर्वस्वीं फाशावर अवलंबून होतें. फांसा पडला तीन. किल्ली मिळाली नाहीं आणि ती अन्यत्र असण्याची खूणहि कोठें नव्हती. पुढें तळघराच्या दारापुढें आम्ही पाऊण तास बसून राहिलों. जस्टिन अलेक्झांडर नांवाच्या या खेळांतील एका जाणत्या लेखकानें २००८ सालीं एक नियम सांगितला आहे, कीं खेळाडूंनीं जी गोष्ट ओळखावी अशी इच्छा असेल तिच्या निदान तीन खुणा ठेवाव्यात. एक हुकेल, दुसरीकडे लक्ष जाणार नाहीं, तिसरी उपयोगीं पडेल. नियमाचा शहाणपणा त्या पाऊण तासांत पटला. वाटांचेंहि तेंच. जेनेल जॅक्वेज यांचें ‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया’ हें १९७९ चें साहस आजहि नांवाजलें जातें तें मुख्यत्वें एवढ्यासाठीं कीं त्यांत आंत जाण्यास, वर चढण्यास, मागें फिरण्यास अनेक वाटा आहेत. आमच्या वाड्यांत एका खोलींतून दुसरींत, दुसरींतून तिसरींत, अशी आगगाडीच्या डब्यांसारखी रांग होती.

मात्र तळघराशीं अडून बसण्याआधीं आम्ही स्वयंपाकघरांतून गेलों होतों, आणि तेथें जें झालें तें सांगावयाचें राहिलें. भुतानें प्रत्येकास प्रश्न विचारला. पुतण्यानें कांहींतरी थट्टेचें उत्तर दिलें. मैत्रिणीनें आपल्या आईची बिर्याणी सांगितली. आमच्या सौभाग्यवतींची पाळी आली तेव्हां त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “अळूचें फतफतें. मुळा घालून. आणि वाढतांना म्हणायची, शेंगदाणे मोजूं नका, सगळ्यांना सारखे आले आहेत.” त्यांच्या मातोश्री वारल्या तेव्हां त्या नऊ वर्षांच्या होत्या. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारांत आपल्या आईच्या हातचें काय खाल्लें हें त्यांनीं आम्हांस कधीं सांगितलें नव्हतें, आणि आम्हीं विचारलेंहि नव्हतें. नातीच्या हातांत फांसा होता, तो तिनें तसाच खालीं ठेवला. मग हलक्या आवाजांत, भुताच्या वतीनें ती म्हणाली, “जा बाई, वाट मोकळी आहे.”

रात्रीं उशिरां ती सतरा शेऱ्यांचा कागद घेऊन आली आणि आमच्यासमोर तिनें तो फाडला. नवा अभिप्राय लिहावयास बसलों. त्यांत तीनच गोष्टी घ्यावयाच्या असें ठरलें. दोन दिवसांत उभ्या केलेल्या झोंपडीवर सतरा कलमांचा अहवाल चढविणें म्हणजे ती पाडणेंच. प्रथम, आम्ही कोण, किती जण, आणि हें साहस नुसतें वाचलें नसून खेळून पाहिलें, हें सांगितलें. कारण अभिप्रायाचें वजन त्यावर ठरतें. मग किल्लीची हकीकत घडली तशी लिहिली. ‘किल्लीची योजना चुकली आहे’ असें नव्हे, ‘आमचा फांसा तीन पडला आणि मग पाऊण तास आम्हांस पुढें जातां आलें नाहीं, आणखी खुणा कोठें ठेवाव्या असें आपणांस वाटतें?’ असें. पहिल्या वाक्याशीं रचणारा भांडूं शकतो. दुसऱ्याशीं कसा भांडेल? तें तर घडलेलें आहे. शिवाय उपाय शोधण्याचा मान त्याचा त्यालाच राहतो. मगरीचें व जिन्याचें एकेका ओळींत उरकलें. वाटांविषयीं लिहावयाचें सोडून दिलें. एका पानांत त्या मावल्या नसत्या.

आजकाल अभिप्राय देण्याची एक युक्ति शिकवितात: आधीं स्तुति, मध्यें दोष, शेवटीं पुन्हां स्तुति. आम्हांस ती गुळांत घातलेल्या कोयनेलासारखी वाटते. मुलें गूळ चाटून टाकतात आणि गोळी थुंकतात, आणि पुढें पुढें तर गूळ दिसला कीं त्यांस गोळीचाच संशय येतो. स्तुति ही दोषाची वेष्टणें करण्यासाठीं नाहीं. तीहि माहितीच आहे, आणि दोषाइतकीच नेमकी असली पाहिजे. रचणाऱ्यास आपलें कोणतें अंग चांगलें आहे हें बहुधा ठाऊक नसतें, आणि दुसरी प्रत करतांना तो दोषांबरोबर तेंहि छाटून टाकतो. म्हणून अभिप्रायाचा सर्वांत मोठा भाग आम्हीं स्वयंपाकघरास दिला. ‘फार छान’ असें त्यांत कोठेंहि नव्हतें. कोणी काय विचारलें, कोण किती वेळ गप्प राहिलें, आणि एका वृद्ध स्त्रीनें काय उत्तर दिलें, एवढें मात्र होतें. सौभाग्यवतींची परवानगी अर्थातच आधीं घेतली. त्या म्हणाल्या, “लिहा. पण चमच्यांचें लिहूं नका.”

चार दिवसांनीं उत्तर आलें. त्या गृहस्थानें लिहिलें होतें कीं तो वाडा त्याच्या आजीचा; नदीच्या पुरांत तो गेला तेव्हां तो स्वतः दहा वर्षांचा होता. दुसऱ्या एका वाचकानें चौथ्या खोलींत कांहींच घडत नाहीं असें कळविल्यावरून, ती खोली काढून टाकलेली नवी प्रत त्यानें तयारहि करून ठेवली होती. ती प्रत त्यानें आतां रद्द केली. किल्लीची एक खूण त्यानें तसबिरींत घातली व दुसरी स्वयंपाकिणीच्या तोंडीं. ही दुसरी युक्ति आम्हांस सुचली नसती.

नातीनें तें उत्तर दोनदां वाचलें. त्याच आठवड्यांत बारवेचें जुनें साहस तिनें पुन्हां बाहेर काढलें आणि तिच्या ध्यानांत आलें कीं सातव्या दालनाचें दार उघडण्याची तिचीहि खूण एकच आहे. सध्यां रोज रात्रीं माडीवर दिवा जळत असतो. आई कुरकुरते, आम्ही ऐकूं न आल्यासारखें करतों. तिला त्या एका शब्दाचें आतां कांहीं वाटत नाहीं असें नाहीं. परवांच ती म्हणाली कीं ज्यानें तो लिहिला त्याला कोणत्या दालनांत कंटाळा आला एवढें जरी त्यानें सांगितलें असतें, तरी चार महिने वांचले असते.

उत्तराच्या शेवटीं त्या गृहस्थानें एक विनंति केली होती, कीं त्या आजींच्या आईच्या भाजीची कृति कळवावी. नव्या प्रतींत ती स्वयंपाकिणीच्या पातेल्यांत घालावयाची आहे. कृति सौभाग्यवतींनीं सांगितली, चिंच-गूळ किती व चण्याची डाळ कधीं, सर्व तपशीलानिशीं. नात ती इंग्रजींत उतरवीत आहे. अळूचें झालें, मुळ्याचें झालें, पण फतफत्यास प्रतिशब्द अद्याप सांपडलेला नाहीं.